शरदातले ऊन आणि शिशिरातली पाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी आपल्या पुरवणीच्या पहिल्या पानावर अर्धे पान व्यापणारे एक देखणे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. दोन्ही बाजूंना केशरी आणि तांबड्या पानांची झाडे, मधून जाणारी ओली पायवाट, तिच्यावर पानांचा खच, आणि खाली ओळ होती : ‘शरद ऋतूची चाहूल; पानगळीला सुरुवात’. छायाचित्राविषयी माझी तक्रार नाही, ओळीविषयी आहे. ती झाडे मेपलची होती हे पानांच्या टोकांवरून सहज कळत होते, आणि मेपल काही मराठवाड्याच्या जंगलातले झाड नव्हे. ज्या सकाळी ते पान माझ्या हातात होते त्या सकाळी किनवटच्या माझ्या घरामागच्या टेकडीवरचा धावडा, ऐन, पळस सगळे हिरवेगार होते आणि शेजारच्या मुली आपट्याच्या डहाळ्या तोडून आणत होत्या, त्याही हिरव्याच. हिरव्या पानाला सोने म्हणून वाटण्याच्या सणाच्या तोंडावर वाचकांना पानगळीची वर्दी द्यावी हे खटकले, म्हणून हे पत्र.

शब्दकोशात ‘ऑटम’ला शरद हा प्रतिशब्द दिलेला असतो आणि महिन्यांचा हिशेब पाहिला तर तो चुकीचाही नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बहुतेक त्यातच पडतात. घोटाळा होतो तो पानांपाशी. अमेरिकेतल्या व्हर्मॉंटमध्ये, जपानात किंवा आपल्या काश्मीरमध्ये दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठल्या की झाड हरितद्रव्य मोडते आणि पानातले नत्र खोडाकडे परत ओढून घेते. हिरवा गेला की आधीपासून पानात दडलेला पिवळा उघडा पडतो आणि काही झाडे त्याच दिवसांत नवा तांबडा रंगही तयार करतात. काश्मिरी भाषेत चिनाराच्या त्या दिवसांना ‘हरुद’ असा स्वतःचा शब्द आहे. आपल्याकडच्या पानझडी जंगलाला थंडीचे फारसे भय नाही, त्याला चिंता असते ती पाण्याची. जमिनीतली ओल संपत आली म्हणजे झाड पाने टाकून आपला खर्च कमी करते, आणि परतीच्या पावसाने भिजलेली माती आश्विनात काही कोरडी पडत नाही. म्हणून आपली खरी पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. कललेले ऊन आणि रंगलेले पान ही जोडी तिकडे एकाच महिन्यात एकत्र येते. आपल्याकडे ऊन आधी येते, रंगलेले पान चार महिन्यांनी.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे ती कशी होते हे मला ठाऊक आहे. कलाशिक्षक म्हणून नोकरीला लागलो त्या वर्षी एका प्रदर्शनासाठी मी किनवटच्या जंगलाचे जलरंगातले मोठे चित्र केले. दिवाळीची सुट्टी होती, जंगल सायकलने अर्ध्या तासावर होते, पण ते चित्र मी घरात बसून, भिंतीवरच्या परदेशी कॅलेंडरकडे बघत रंगवले. शेंदरी, गेरू, क्रोम यलो, अगदी हात सैल सोडून. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका वयस्कर वनरक्षकांनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ पाहिले आणि अतिशय आदराने विचारले, ‘गुरुजी, हे कोणत्या बीटातलं म्हणायचं?’ बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीतला जंगलाचा भाग. आजूबाजूचे हसले. मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा तेच म्हणाले, ‘आपल्याकडं असं व्हायला होळी जवळ यावी लागते, अन् तवाबी एवढं लाल नसतंय. या एकदा, दाखवतो.’ पुढची सात-आठ वर्षे मी सवड मिळेल तसा त्यांच्यामागे हिंडलो. खाली जे लिहीत आहे त्यातले पाहणे बरेचसे त्यांचे आहे, रंगांचे शब्द तेवढे माझे.

शरदात मग बघायचे काय, तर ऊन. आपल्या भाषेने शरदाच्या चांदण्याचे कौतुक केले, कोजागरीला दूध आटवले, पण शरदातल्या उन्हाला ‘ऑक्टोबर हीट’ असे उसने नाव देऊन ती डोक्यावर पदर घेऊन पुढे निघून गेली. त्यात लोकांचा दोष नाही. पाऊस नुकताच गेलेला, ढगांचे छप्पर काढून घेतलेले, सूर्य अजून बऱ्यापैकी उंच आणि जमिनीतून वाफ निघत असलेली. अशा वेळी सोयाबीन काढणाऱ्या माणसाला या उन्हाची छटा बघा असे सांगणे ही त्याची चेष्टाच होईल. पण तेच ऊन दिवस कलल्यावर जंगलाच्या कडेला उभे राहून पाहावे. (इथे एक खुलासा करतो. आमच्या भागात शेतालाही रान म्हणतात, म्हणून या पत्रात मी मुद्दाम जंगल हाच शब्द ठेवला आहे.)

मोसमी पाऊस मराठवाड्यातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते, आणि कोरडा वारा वाहू लागला की पावसाळ्यातला तो पांढरट दमटपणाही ओसरतो. हवेतले पाण्याचे सूक्ष्म थेंब सगळेच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात उधळतात, म्हणून ते असेपर्यंत दूरची टेकडी दुधात बुडवल्यासारखी दिसते. ते गेले की उरते नुसती हवा, आणि हवा निळा रंग अधिक उधळते, तांबडा-पिवळा बराचसा सरळ जाऊ देते. सूर्य जितका खाली तितकी उन्हाला अधिक हवा ओलांडावी लागते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर डोक्यावरच्या सूर्याच्या दुप्पट, आणि १० अंशांवर असेल तर सुमारे साडेपाच पट. वाटेत गळालेला निळा आकाशभर पसरतो आणि तिथून सावल्यांत उतरतो. म्हणून शरदातल्या संध्याकाळी झाडाची उजेडातली बाजू हळदीसारखी आणि सावलीतली बाजू निळसर असते. ती निळसर छटा मुलांना दिसायला दरवर्षी एक आठवडा जात असे, कारण सावली काळी असते हे त्यांनी घरूनच ठरवून आणलेले असते. एखादा मुलगा अचानक ‘सर, खरंच निळी आहे’ असे ओरडला की त्या वर्षाचा पगार वसूल झाल्यासारखे वाटे.

उन्हाच्या कलाचाही हिशेब आहे. किनवट सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २२-२३ सप्टेंबरला, म्हणजे १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होऊन जेमतेम पाच-सहा दिवस होतात तोवर, दुपारचा सूर्य ७० अंशांवर आलेला असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ५६ अंशांवर आणि २१-२२ डिसेंबरला ४७ अंशांवर. याच्याशेजारी व्हर्मॉंट ठेवून पाहा. सुमारे ४४ अंशांवरच्या त्या प्रदेशात ऑक्टोबरच्या मध्यावर भर दुपारीही सूर्य ३७-३८ अंशांच्या वर जात नाही. तेवढा खालचा सूर्य त्याच दिवशी किनवटला दुपारी तीनच्या सुमारास भेटतो. तिकडच्या जंगलाला त्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे तिरपे ऊन मिळते, ते आमच्या वाट्याला तीननंतर येते. शिवाय आमच्याकडे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. १० अंशांवरून क्षितिजाला टेकायला त्याला पाऊण तासही लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर तो सहाला पाचएक मिनिटे कमी असताना मावळतो, म्हणजे खरा बघण्यासारखा उजेड सव्वापाचला सुरू होतो आणि चहा होईपर्यंत संपतोही. परदेशी छायाचित्रांतल्या जंगलावर तो प्रकाश आळसावून पडलेला दिसतो, आपल्याकडे तो घाईत असतो, यामागे एवढीच भूमिती आहे.

आता पानाकडे येतो. पानावर पडलेला उजेड आणि पानातून आलेला उजेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पाहायचा असेल तर त्यासाठी मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेइतकी चांगली जागा मला माहीत नाही. सकाळच्या वेळी हिमायतनगर सोडून गाडी सहस्रकुंड, किनवटकडे निघाली की डाव्या खिडकीतून दिसते ते ऊन अंगावर घेतलेले जंगल. पानांच्या वरच्या पृष्ठभागावर आकाशाची चकाकी असते, तिच्यामुळे हिरवा रंग थंड आणि किंचित करडा वाटतो. उजव्या खिडकीतले जंगल सूर्याच्या आणि आपल्या मधोमध असते. तिथे चकाकी नाही. उन्हाने पान आरपार ओलांडलेले, तांबडा आणि निळा पानाने ठेवून घेतलेला आणि पोपटी-पिवळा तेवढा बाहेर सोडलेला, प्रत्येक शीर गडद आणि सुटी. गाडी तीच, घटका तीच, झाडेही तीच. चित्र काढताना डाव्या खिडकीसाठी मी हिरव्यात थोडा निळा मिसळतो आणि उजवीसाठी गॅम्बोज पिवळा. गर्दीच्या गाडीत दोन्ही बाजूंना बसून पाहण्याचा माझा हट्ट सहप्रवाशांनी वर्षानुवर्षे सोसला, त्याबद्दल त्यांचे आभार.

सागाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या ओळीला थोडाफार आधार मिळाला तर तो इथेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात सागावर एक बारीक अळी पडते. ती शिरा सोडते आणि शिरांमधला हिरवा गर खाते, त्यामुळे पानाची जाळी होते आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला अख्खी टेकडी भाजल्यासारखी, तपकिरी दिसते. माहूरला नवरात्रात दर्शनाला जाणारे कितीतरी लोक ती पाहून म्हणतात, लवकरच पानगळ लागली की यंदा. ती पानगळ नव्हे. पान फांदीवरच असते, फक्त त्यात काही उरलेले नसते. असे एक पान देठाशी धरून मावळत्या उन्हासमोर उंच करावे. मधली जाड शीर, तिच्यापासून दोन्ही अंगांना निघालेल्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या, आणि त्या चौकटींत केसाइतक्या बारीक शिरांची वीण. ऊन त्या विणीतून गाळून येते आणि मनगटावर तिची सावली पडते, तीही जाळीचीच. वनखात्याच्या दृष्टीने हा कीड लागल्याचा पुरावा आहे हे मला मान्य आहे. मला त्यात नुकसान दिसते आणि ती वीणही दिसते. दोन्हींपैकी एक खोडून टाकणे जमलेले नाही.

झाडाखालच्या उजेडासाठी मराठीत ‘कवडसा’ हा शब्द आहे. दाट झाडाखाली जमिनीवर पडलेले कवडसे गोल का असतात याचा विचार फार कोणी करत नाही. पानांमधल्या फटी तर वाकड्यातिकड्या असतात. ते गोल असतात कारण ती सूर्याची प्रतिबिंबे असतात, बारीक छिद्रातून पडद्यावर पडावीत तशी, आणि सूर्य कलला की ती जमिनीवर लांबट, अंडाकृती होत जातात. मला याची खात्री पटली ती २४ ऑक्टोबर १९९५ रोजी. दिवाळीतली अमावास्या होती, त्या सकाळी उत्तर भारतात खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण होते. सगळी गल्ली दारे लावून आत, आणि मी अंगणातल्या कडुनिंबाखाली ड्रॉइंग पेपर अंथरून बसलेलो. हळूहळू कागदावरच्या सगळ्या कवडशांना एका बाजूने कड पडली आणि पाहता पाहता त्या शेकडो कोरी झाल्या, वारा आला की सगळ्या एकदम हलणाऱ्या. आई दाराच्या फटीतून ‘आत ये, आत ये’ म्हणत होती आणि मी पेन्सिलीने त्या कोरींच्या कडा गिरवत होतो. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. वाऱ्यामुळे एकाही कोरीची रेघ धड आलेली नाही.

शरदात रंग अजिबात बदलत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. ते खालून बदलतात. कार्तिक लागेपर्यंत कुसळी, पवना आणि बाकीचे गवत वाळून सोनेरी होते, वर झाडे अजून हिरवीच असतात. उतरत्या उन्हात हे गवत उजळते आणि खालच्या फांद्यांना बुडाकडून उजेड देते. सागाच्या पानाची खालची बाजू फिकी आणि लवदार असते, तिला तो उजेड चटकन लागतो. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे झाडाचा खालचा तिसरा हिस्सा वरच्यापेक्षा अधिक उजळ दिसतो. चित्रात असे दाखवले तर परीक्षक चूक काढतात, पण ते खरे आहे. आणि आश्विनात पिवळे पान आणि पानांचा खच पाहायचाच असेल तर तो मराठवाड्यात जंगलात नव्हे, सोयाबीनच्या वावरात पाहावा. शेंगा पक्व होताना सोयाबीन पिवळे पडते आणि काढणीआधी पाने गाळते. कापसावर ‘लाल्या’ येतो तेव्हा पानात जो तांबडा रंग तयार होतो, तो मेपलच्या पानातल्या तांबड्याच्याच जातीचा असतो, आणि रात्रीचा गारवा व नत्राची कमतरता ही त्याची कारणेही फार वेगळी नाहीत. तिकडे तो पाहायला लोक विमानाने जातात. इकडे तो दिसला की घरात चूल पेटवायचे मन होत नाही. छायाचित्र निवडणाऱ्यांनी कधी लाल्या पडलेल्या कापसावरचे संध्याकाळचे ऊन पाहिले असेल का, असा एक कडवट विचार माझ्या मनात आला, तो खोडून टाकणार होतो, पण राहू देतो.

झाडांची पानगळ पुढे टप्प्याटप्प्याने होते आणि तिचा क्रम दरवर्षी थोडा मागेपुढे सरकतो, कारण तो परतीच्या पावसावर अवलंबून असतो. मोई आणि सालई लवकर उघड्या पडतात. काकडाची पाने गळण्याआधी नारिंगी होतात. साग माथ्यावर आधी पिवळा-तपकिरी होतो आणि ओढ्याकाठी, जिथे मुळांना ओल लागते तिथे, कधी कधी महाशिवरात्रीपर्यंत हिरवा तग धरतो. धावड्याची बारीक पाने तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी होतात आणि माझ्या मते आमच्या जंगलातला पानगळीचा सर्वांत सुंदर रंग हाच आहे. तो धावड्याचा आहे हे बहुतेकांना माहीत नसते, कारण त्या वेळी सगळे पळसाची फुले शोधत असतात.

या ठिकाणी मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट सांगतो. एका वर्षी मी ठरवले की एकाच खडकावर बसून, एकच झाडी, एकदा दिवाळीत आणि एकदा पानगळीत रंगवायची. पहिले चित्र २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केले. समोरच्या सागाच्या खोडाची सावली माझ्या खडकावरच्या एका भेगेला बरोबर पाच वाजून पाच मिनिटांनी टेकली, ते चित्राच्या मागे लिहून ठेवले. दुसऱ्या चित्राला १७ फेब्रुवारीला गेलो. तारीख मुद्दाम निवडली होती. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना सूर्य त्याच मार्गाने जातो आणि परत येतो, आणि २५ ऑक्टोबरला त्याची जी वाट असते तीच साधारण १७ फेब्रुवारीला असते, हे शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी सांगितले होते. पण पाच वाजून पाच मिनिटे झाली तरी सावली भेगेपासून चांगली दूर होती. मला वाटले घड्याळ बिघडले. सावली भेगेला लागली ती पाच पस्तीसला. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले तेव्हा ते हसले आणि फळ्यावर आकृती काढून सांगू लागले की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराशी वर्षभर सारखी बांधलेली राहत नाही. ऑक्टोबरअखेर ती सुमारे १६ मिनिटे लवकर येते, फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे १४ मिनिटे उशिरा, म्हणून अर्ध्या तासाचा फरक. सावलीला हे ठाऊक होते, मला नव्हते.

म्हणजे ऊन त्याच कलाने परत आले होते. दोन्ही चित्रांत सावल्यांच्या दिशा एकसारख्या आहेत, लांबीही. तरी कोणी ती चित्रे पाहिली तर ती एकाच जागेची आहेत हे सांगावे लागते. ऑक्टोबरच्या चित्रात दूरची टेकडी जांभळट निळी आणि धारदार कडेची आहे, फेब्रुवारीच्या चित्रात ती जवळजवळ नाहीच. तिथे मी नुसता पातळ पिवळसर करडा हात दिला आहे, कारण मधल्या चार महिन्यांत पाऊस नाही, बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनी आणि मळणीयंत्रांनी उडवलेली धूळ हवेत आहे, आणि वणवा अडावा म्हणून जाळरेषा पेटवल्याचा धूर खाली दरीत बसलेला आहे. सूर्य तेवढाच तांबूस, पण त्याला कड नाही. ऑक्टोबरात ऊन पानांवर अडते. फेब्रुवारीत ते अर्ध्या उघड्या फांद्यांतून थेट जमिनीवर उतरते आणि तिथल्या पाचोळ्यावर पडते, त्यामुळे सगळा उजेड जणू खालूनच वर येतो. धावड्याचा तांबूसपणा त्या धुळकट उन्हात अधिक खोल दिसतो. हेच झाड स्वच्छ शरदाच्या हवेत असे रंगले असते तर कसे दिसले असते, ही कल्पना मी अनेकदा केली, आणि तेव्हा लक्षात आले की त्या कॅलेंडरात मी नेमके तेच पाहत होतो, फक्त झाड दुसऱ्याच देशातले होते.

आणि एक गंमत. आमचे जंगल खरोखर लाल होते ते पानगळीनंतर, पालवी फुटताना. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला येणारी पालवी इतकी गडद लाल असते की लांबून फुलेच वाटतात. पिंपळ आणि मोह तांबूस होतात. कोवळ्या पानाला उन्हापासून जपणारा तो रंग पुढे आठ-पंधरा दिवसांत हिरव्याखाली जातो. सकाळी साडेसातला कुसुंबाखाली उभे राहून सूर्याच्या दिशेने वर पाहिले तर मेपलची आठवण येण्याचे कारण नाही. चैत्रातल्या सूर्यापुढे मात्र आठ वाजताच डोळे मिटावे लागतात, तेव्हा लवकर उठावे.

आता विनंती. मराठवाड्यात जंगल आधीच कमी, लातूर जिल्ह्यात तर क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. तिथली मुले झाडाखालचे ऊन बघतात ते येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वावरातल्या बाभळी-लिंबाखाली आंबील पिताना, आणि त्या दिवशी भर दुपारीही सावली चांगली लांब असते. अशा मुलांच्या हातात आपले दैनिक पडते. त्यांनी आश्विनात बाहेर पाहावे, झाड हिरवे दिसावे, आणि आपल्या पानावर पानगळ सुरू झालेली असावी, तर ती पानावर विश्वास ठेवतात, झाडावर नाही. मी वर्गात हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. खिडकीबाहेर पळस पानांनी गच्च भरलेला असताना ‘शरद ऋतू’ या विषयावर तीस मुलांपैकी पंचविसांनी नारिंगी झाडे काढली होती, आणि ज्या पाचांनी हिरवी काढली त्यांपैकी दोघांनी शेजाऱ्याचे पाहून ती खोडली. तेव्हा पुढच्या वर्षी आपल्या छायाचित्रकारांना एवढेच सांगावे की एक जागा निवडा, किनवटची, गौताळ्याची, येडशीच्या रामलिंग घाटातली, कोणतीही. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा, सूर्य मावळण्याच्या पाऊण तास आधी जा, आणि दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापा. खाली महिना आणि वेळ लिहा. दुसऱ्या वेळी अर्धा तास उशिरा गेले तरी चालेल, नव्हे, तसेच जावे लागेल.

सोबत जाड कागदाच्या घडीत सागाचे एक जाळी झालेले पान पाठवत आहे. ते आमच्या टेकडीवरूनच, या आठवड्यात, फांदीवरून काढलेले आहे, खाली पडलेले उचललेले नाही. टपालात मोडले नसेल तर आपल्या कचेरीतल्या पश्चिमेच्या खिडकीशी पाचच्या सुमारास धरून पाहावे. देठ खाली असावा.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
किनवट, जि. नांदेड